विनिपेगचा व्हॉयाजर फेस्टिव्हल: उणे पंचवीसात फ्रेंच बोलणारं गाव

लालनदीकाठ
नमस्कार मंडळी. जानेवारी संपत आला की इथे कुणी ना कुणी विचारतंच, विनिपेगला नवीन आलोय, थंडीने जीव नकोसा झालाय, सुट्टीच्या दिवशी पोरांना घेऊन जायचं तरी कुठे. दर वर्षी एकेकाला वेगळं उत्तर टाईप करत बसतो म्हणून यंदा एकदाच सविस्तर लिहितोय. रेड नदी ओलांडा आणि सेंट बॉनिफेसला, म्हणजे विनिपेगच्या जुन्या फ्रेंच वस्तीत, जा. फेब्रुवारीच्या मध्याला तिथे दहा दिवस 'फेस्टिव्हल द्यू व्वायाजर' असतो, मॅनिटोबातल्या फ्रेंच बोलणाऱ्या लोकांचा, १९७० पासूनचा, आणि पश्चिम कॅनडातला हिवाळ्यातला सगळ्यात मोठा फेस्टिव्हल तोच.

आपल्यातले बरेच जण त्याला 'बर्फाच्या शिल्पांचा फेस्टिव्हल' म्हणतात. शिल्पं बघतात, फोटो काढतात आणि तासाभरात गाडीत येऊन हीटर लावून बसतात. शिल्पं सुंदर असतात यात वादच नाही, बाहेरच्या देशांतनं कलाकार येतात, दाबून घट्ट केलेल्या बर्फाचे दोन पुरुष उंचीचे ठोकळे करवती-पटाशीने कोरतात. पण खरा फेस्टिव्हल तंबूंच्या आत असतो. फिडल वाजत असतं, वाजवणारा खुर्चीत बसून दोन्ही पायांनी फळीवर ठेका धरतो, शेजारी कुणीतरी दोन लाकडी चमचे पाठीला पाठ लावून मांडीवर वाजवत असतो (आपल्या चिपळ्या आठवतातच), सगळीकडे फ्रेंच चाललेलं असतं आणि मधूनच कुणीतरी 'ए हो!' अशी आरोळी ठोकतो की अख्खा तंबू उत्तर देतो.

व्वायाजर म्हणजे प्रवासी, पण इथे अर्थ वेगळा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात बीव्हरच्या कातड्यांचा व्यापार चालायचा, त्या कंपन्यांचे माल वाहणारे नावाडी म्हणजे हे व्वायाजर, बहुतेक सगळे फ्रेंच बोलणारे. भूर्जाच्या सालीच्या होड्या वल्हवत हजारो मैल जायचे, आणि जिथे नदीत धबधबा किंवा उथळ खडक लागेल तिथे होडी आणि माल दोन्ही पाठीवर घेऊन चालायचं. एक गाठोडं ९० पौंडाचं, म्हणजे जवळपास ४१ किलो, आणि एका माणसाने एका वेळी अशी दोन उचलायची, कपाळावरून घेतलेल्या पट्ट्याच्या आधाराने. फेस्टिव्हलमध्ये सगळ्यांच्या कमरेला जो लाल विणलेला पट्टा दिसतो ना, बाणांच्या नक्षीचा, 'सँत्युर फ्लेशे', तो त्यांचाच. ओझं उचलताना कंबर आवळून धरायला. मूळचा पट्टा मागाशिवाय नुसत्या बोटांनी विणतात.

जागा आहे व्हिटियर पार्क, आणि त्यात फोर्ट जिब्राल्टर. मूळ किल्ला नॉर्थ वेस्ट कंपनीने १८१० च्या सुमारास रेड आणि असिनिबॉइन नद्यांच्या संगमावर बांधला होता, आत्ताचा लाकडी किल्ला ही त्याची प्रतिकृती, १९७८ सालची.

मी स्वतः सहा वर्षांपासून तिथे शुगर शॅकमध्ये, म्हणजे मेपलचा पाक करायच्या खोपटात, व्हॉलंटियर म्हणून उभा राहतो. काम असं, मेपलचं सिरप मोठ्या भांड्यात आणखी आटवायचं, पाण्यात टाकलं की मऊ गोळी होते ना तिथपर्यंत, मग लाकडी पन्हळीत घट्ट थापलेल्या स्वच्छ बर्फावर बोटभर रुंद धार सोडायची. चर्र असा बारीक आवाज येतो. दहा-पंधरा सेकंद थांबायचं, लगेच हात लावला तर काडीला चिकटत नाही आणि उशीर झाला तर कडक होऊन तुटतं. मग काडी ठेवून गुंडाळायचं आणि पोराच्या हातात द्यायचं, हीच मेपल टॅफी. मी कागलच्या बाजूचा, लहानपण गुऱ्हाळावर गेलेलं, काहिलीजवळ उभं राहून गरम काकवी खाल्लेला माणूस. पहिल्यांदा त्या शॅकमध्ये वाफ तोंडावर आली तेव्हा मला आमचा गुळव्याच आठवला. तोही असाच भांड्याकडे नुसतं बघून सांगायचा, अजून नाही, अजून नाही, आता. इथेही तसंच, आणि इथेही हे काम म्हातारी माणसंच तरुणांना शिकवतात.

ज्यांना यायचंय त्यांनी विचारा, जमेल तेवढी माहिती देतो.

नव्यानेच_आलेली
खूप छान लिहिलंय दादा. आम्ही ऑक्टोबरमध्ये नागपूरहून आलो, मुलगी तीन वर्षांची आहे. दोन प्रश्न. एवढ्या थंडीत तिला घेऊन किती वेळ बाहेर राहता येईल, आणि आम्ही दोघं पूर्ण शाकाहारी आहोत तर खायला काही मिळेल का?

लालनदीकाठ
@नव्यानेच_आलेली ताई, अवश्य या. थंडीचं म्हणाल तर उणे वीस असेल आणि वारा नसेल तर अर्धा तास बाहेर, मग तंबूत, असं आलटून पालटून करायचं. तंबू गरम असतात आणि लाकडाच्या शेकोट्या जागोजागी पेटवलेल्या असतात. मुलीला बोटांचे हातमोजे नकोत, मिटन घाला, बोटं एकमेकांना लागून राहिली की ऊब टिकते. आत सुती कपडा नको, घाम धरतो आणि मग तोच गार पडतो. फोन आतल्या खिशात ठेवा, बाहेर काढून हिंडलात तर बॅटरी बघता बघता झोपते.

खाण्याचं, वाटाण्याचं सूप म्हणतील पण त्यात बहुतेक वेळा हॅम असतं, तूर्तिएर म्हणजे पिठाच्या पारीत मांस भरून भाजलेला पदार्थ, पुटिन म्हणजे चीज घातलेले तळलेले बटाटे, पण त्यावरची ग्रेव्हीही मांसाची असते, तर प्रत्येक ठिकाणी विचारूनच घ्या, इथे कुणी कपाळाला आठ्या घालत नाही. मेपल टॅफी बिनधास्त. बॅनक, म्हणजे इथल्या मूळ लोकांची जाड भाकरीसारखी पोळी, मिळाली तर काय घालून केलीय तेवढं विचारा, काही जण चरबी वापरतात. आणि 'कॅरिबू' म्हणून जे विकतात ते हरणाचं मांस नाही, गोडसर कडक वाईन आहे, बर्फाच्याच ग्लासात देतात.

कडकडीत_थंडी
पार्किंगचं लिहायचं राहिलं. गाडी फोर्क्सला, म्हणजे अलीकडच्या काठावर नद्यांच्या संगमापाशी, लावा आणि एस्प्लानाद रिएलवरून चालत जा, तो पांढऱ्या दोऱ्यांचा पादचारी पूल. पार्कपर्यंत बरंच चालावं लागतं पण गोठलेली नदी, पलीकडे कॅथेड्रल, बघण्यासारखं आहे. पोरं लहान असतील तर मात्र नको.

फ्रेंच_शिकतोय_पुणे
मी पुण्यात तीन वर्षं फ्रेंच शिकलोय, कॅनडाचा पीआर मिळालाय, बहुतेक विनिपेगलाच येईन. तिथलं फ्रेंच पॅरिससारखंच का? क्लासमध्ये आम्हाला कॅनडाची रेकॉर्डिंग ऐकवली तेव्हा निम्मं डोक्यावरून गेलं होतं.

प्रेरीवरची_मास्तरीण
@फ्रेंच_शिकतोय_पुणे मी इथे फ्रेंच इमर्शन शाळेत, म्हणजे इतर घरांतल्या पोरांनाही फ्रेंचमधून शिकवतात त्या शाळेत, आठ वर्षं शिकवतेय म्हणून सांगते. लिहायचं फ्रेंच तेच. बोलायचं मात्र जुन्या वळणाचं आहे, सतराव्या शतकात बोटीतून जे आलं त्यातलं बरंच टिकलं. 'इसी' ऐवजी 'इसित', 'आत्ता' म्हणायला 'अस्तर', जे खरं म्हणजे 'या घटकेला' चं आखडलेलं रूप आहे, 'म्वा' ऐवजी 'म्वे'. आपल्याकडे पुण्याच्या पुस्तकी मराठीवर वाढलेला मुलगा मालवणला गेल्यावर पहिले चार दिवस जसा नुसता ऐकत राहतो तसं होईल, पाचव्या दिवशी कान बसतो. आणि आता तर सेंट बॉनिफेसमध्ये काँगो, माली, बुरुंडी इकडून आलेली पुष्कळ कुटुंबं आहेत, त्यांचं फ्रेंच आणखी वेगळं. माझ्या वर्गात एकाच बाकावर तीन तऱ्हेचं फ्रेंच बसतं. घाबरू नका, पुण्याचं फ्रेंच हे चौथं.

लालनदीकाठ
मास्तरीणबाईंनी बरोबर सांगितलं. एक माझी विनंती, कुठल्याही टेबलावर गेलात तरी आधी 'बोंजूर' म्हणा, मग इंग्रजीत बोला, चालतं. त्या एका शब्दाने समोरच्याचा चेहरा बदललेला मी शेकडो वेळा बघितलाय.

स्पष्ट_विचारतो
राग मानू नका पण एक प्रश्न. मॅनिटोबात फ्रेंच मातृभाषा असलेले किती, ४० हजारांच्या घरात? सुमारे पंधरा लाखांच्या प्रांतात. त्या सगळ्यांना इंग्रजी उत्तम येतं. आमच्या ऑफिसातला एक जण सेंट बॉनिफेसचाच, घरी बायको-पोरांशी इंग्रजीत बोलतो आणि फेस्टिव्हलला लाल पट्टा बांधून जातो. मग हे वर्षातले दहा दिवस भाषेचे कौतुक करून नक्की काय साधतं? पर्यटन म्हणून छानच आहे, तेवढंच म्हणावं.

लालनदीकाठ
@स्पष्ट_विचारतो राग कसला, मीही पहिल्या वर्षी एकाला हेच विचारलं होतं. त्याने मला जे सांगितलं आणि नंतर मी जे वाचलं ते इथे लिहितो, जरा लांब होईल.

१८७० साली मॅनिटोबा प्रांत झाला तेव्हा विधिमंडळ आणि कोर्टात इंग्रजी-फ्रेंच दोन्ही चालतील असं कायद्यातच लिहिलेलं होतं, आणि ते लिहून घेण्यामागे मेटी लोकांचा, म्हणजे फ्रेंच व्यापारी-नावाडी आणि इथल्या मूळ बायका यांच्या वंशजांचा, लढा होता, त्यांचा पुढारी लुई रिएल, सेंट बॉनिफेसचाच, जन्म १८४४ चा. तेव्हा इथे फ्रेंच आणि इंग्रजी बोलणारे जवळपास निम्मे निम्मे होते. मग ओंटारियोकडून माणसं येत गेली, पारडं फिरलं, आणि १८९० मध्ये प्रांताने सरळ कायदा करून टाकला की कारभाराची भाषा फक्त इंग्रजी. १९१६ मध्ये शाळेतनंही दुसऱ्या भाषांचं शिक्षण काढून टाकलं. विचार करा, गावातली सगळी पोरं फ्रेंच, शिक्षिका फ्रेंच, आणि वर्गात फ्रेंचमधून शिकवणं बेकायदा.

लोकांनी काय केलं तर त्याच वर्षी आपली एक शिक्षण संघटना काढली आणि सरकारच्या नाकासमोर दुसरं शिक्षणखातं चालवलं. स्वतःचा अभ्यासक्रम, स्वतःचे तपासनीस, स्वतःच्या वार्षिक परीक्षा. १९२५ मध्ये नाटकमंडळी काढली, सर्कल मॉलिएर, ती आजही चालू आहे. १९४६ मध्ये वर्गणी गोळा करून स्वतःचं रेडिओ स्टेशन उभं केलं. ही सगळी पन्नास वर्षं शाळेतलं फ्रेंच लपूनछपून चाललं. शॅकमध्ये माझ्याबरोबर एक आजी असतात, ऐंशी पार केलेल्या, पाक बघण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. त्या सांगतात, त्यांच्या खेड्यातल्या शाळेत सरकारी इन्स्पेक्टरची गाडी रस्त्यावर दिसली की सिस्टर नुसती टाळी वाजवायच्या, एकच टाळी, की सगळ्या वर्गाने फ्रेंच पुस्तक डेस्कात सरकवायचं आणि इंग्रजी वर ठेवायचं. आजींना अजून टाळीचा आवाज आला की हात आपोआप मांडीकडे जातो, मी स्वतः बघितलाय.

शाळेत फ्रेंचला पुन्हा इंग्रजीच्या बरोबरीची जागा मिळाली ती १९७० साली. आणि फेस्टिव्हल पहिल्यांदा भरला तोही १९७० साली. हे मला कळलं तेव्हा माझा त्या तंबूंकडे बघायचा डोळाच बदलला. ती पहिली आरोळी ठोकणाऱ्या चाळिशीच्या लोकांनी लहानपणी पुस्तकं लपवलेली होती.

आणि पुढचं ऐका. फेस्टिव्हल सुरू करणाऱ्यांत एक जॉर्ज फोरे नावाचे विमा एजंट होते, पहिल्या फेस्टिव्हलचे अधिकृत व्वायाजर, म्हणजे मानाचे प्रतिनिधी, तेच. १९७६ मध्ये त्यांना पार्किंगचं तिकीट मिळालं, ५ डॉलरचा दंड, आणि तिकीट फक्त इंग्रजीत. त्यांनी दंड भरायचं नाकारलं, मला फ्रेंचमध्ये द्या म्हणाले. केस लढत लढत सुप्रीम कोर्टात गेली आणि १३ डिसेंबर १९७९ ला कोर्टाने सांगितलं की १८९० चा तो कायदाच घटनाबाह्य आहे. नव्वद वर्षांनी. पुढे १९८५ मध्ये तर कोर्टाने प्रांताचे सगळे फक्त-इंग्रजी कायदे अवैध ठरवले आणि भाषांतर होईपर्यंत तात्पुरते चालू ठेवले. ५ डॉलर भरून मोकळं होता आलं असतं हो. दहा दिवस लाल पट्टा बांधून हिंडणाऱ्या माणसाला उरलेले ३५५ दिवस आपण कोण आहोत हे आठवतं, त्याचं हे उदाहरण. तुमच्या ऑफिसातले गृहस्थ घरी इंग्रजी बोलत असतील, खरं आहे, तसे पुष्कळ आहेत. पण आज मॅनिटोबात फ्रेंच बोलता येणारे १ लाखाच्या वर आहेत, मातृभाषावाल्यांच्या दुपटीहून जास्त. हे बाकीचे कुठून आले? शेजाऱ्यांची पोरं आहेत ती. मास्तरीणबाईंच्या वर्गातली.

स्पष्ट_विचारतो
हे पार्किंग तिकिटाचं माहीत नव्हतं. सहा वर्षं इथे राहतोय. प्रश्न मागे घेत नाही पण उत्तर पटलं. यंदा जाऊन येतो.

मुळांचा_शोध
धाग्याला थोडं वेगळं वळण देते. व्वायाजरच्या गोष्टीत होडी, गाणी, शौर्य सगळं येतं पण त्या नद्यांचे रस्ते दाखवणारे, होड्या बांधायला शिकवणारे, हिवाळ्यात जगवणारे कोण होते? क्री, अनिशिनाबे लोक, आणि त्यांच्या बायका. पेमिकन, म्हणजे वाळवलेलं गव्याचं मांस कुटून चरबीत कालवलेलं, ते नसतं तर एकही होडी पुढे गेली नसती, आणि ते करणारे हात व्वायाजरांचे नव्हते. फ्रेंच बाप आणि इथली आई यांतूनच मेटी लोक झाले. तो लाल पट्टा मेटींचंही मानचिन्ह आहे, त्यांच्या मिशिफ भाषेत क्रियापदं क्री आणि नामं फ्रेंच. फेस्टिव्हल त्यांना पूर्वीपेक्षा जास्त जागा देतो हे मान्य, पण बघायला जाणाऱ्याने हे मनात ठेवून जावं.

लालनदीकाठ
@मुळांचा_शोध तुमचं शंभर टक्के बरोबर, आणि माझ्या मूळ पोस्टमध्ये हे यायलाच हवं होतं, पहिल्या परिच्छेदातच. रेड रिव्हर जिग हा मेटींचा नाच बघा सगळ्यांनी, फिडल युरोपचं आणि पावलं इथली, नाचणारा कमरेच्या वर हलत नाही आणि खाली पाय दिसत नाहीत इतके भरभर.

आणि जाताना एक थांबा घ्या. सेंट बॉनिफेस कॅथेड्रल. २२ जुलै १९६८ ला आगीत जळलं, पुढची दगडी भिंत तेवढी उभी राहिली, आणि १९७२ मध्ये मागे छोटं नवं चर्च बांधलं पण ती भिंत तशीच ठेवली. वरच्या गोल खिडकीत काच नाही, त्यातून नुसतं आभाळ दिसतं. समोरच्या दफनभूमीत रिएलची साधी कबर आहे, १६ नोव्हेंबर १८८५ ला त्यांना रेजायना इथे फाशी दिलं. राजद्रोही म्हणून. आता फेब्रुवारीचा तिसरा सोमवार मॅनिटोबात लुई रिएल डे म्हणून सुट्टी असते, २००८ पासून, नाव शाळेच्या पोरांनी सुचवलेलं. आणि २०२३ मध्ये प्रांताने त्यांना मॅनिटोबाचा पहिला प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, हा मान दिला. बर्फात त्या कबरीसमोर उभं राहिलं की पायाखाली करकर आवाज येतो, बाकी काही नाही.

कावेरीकाठची
मी तंजावर मराठी घरातली. आमच्याकडे साडेतीनशे वर्षं झाली, घरात जे बोलतो ते महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना कळत नाही आणि त्यांचं आम्हाला पुस्तकासारखं वाटतं. 'अस्तर' चं वाचून आजीची आठवण आली, तिचेही असे शब्द होते जे मी पुढे फक्त जुन्या बखरीत बघितले. आमच्या पिढीत चुलत भावंडं एकमेकांशी तमिळमध्येच बोलतात. आम्हाला कुणी मनाई केली नव्हती. बंदी नसताना सुटली हे जास्त लागतं. बाकी काही म्हणायचं नाही, धागा वाचून लिहावंसं वाटलं.

प्रेरीवरची_मास्तरीण
@कावेरीकाठची आजीचे शब्द आठवतील तेवढे लिहून काढा हो. इथे वेगळा धागा काढा, आम्ही वाचू.

लालनदीकाठ
@कावेरीकाठची, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. आता लिहितो.

माझा मुलगा पाच वर्षांचा असताना त्याच्या शाळेतल्या बाईंनी, शाळेचं नाव घेत नाही, आम्हाला बोलावून सांगितलं की घरी काही महिने फक्त इंग्रजी बोला, म्हणजे तो मागे पडणार नाही. बाई मनाने चांगल्या होत्या. आम्ही ऐकलं. सहा महिन्यांत त्याचं इंग्रजी सुधारलं आणि मराठी गप्प झाली. कळायचं सगळं, उत्तर मात्र इंग्रजीत. गावाकडे माझ्या आईशी तो फोनवर बोलताना मी मध्ये बसून दोन्हीकडचं सांगायचो. आई एकदा म्हणाली, तो मला ऐकतोय पण मला त्याचं काहीच ऐकू येत नाही.

तीन वर्षांपूर्वी त्याला शॅकमध्ये बरोबर नेलं, नऊ वर्षांचा होता. गर्दी ओसरली तेव्हा आजींनी त्याला जवळ घेतलं, टॅफी गुंडाळायला शिकवली आणि विचारलं, इंग्रजीतच, की तुझ्या बाबांच्या गावी याला काय म्हणतात. मी सांगणारच होतो तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. तो भांड्याकडे बघत बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, 'काकवी'. एकदा दिवाळीत कागलला गेलो होतो तेव्हा काकाने त्याला गुऱ्हाळावर वाटीत दिली होती, चार वर्षांचा असेल. आजींनी तो शब्द त्याच्याकडून तीनदा म्हणून घेतला, त्यांना 'व' नीट जमला पण शेवट 'ई' लांबवून फ्रेंचसारखा. त्या दिवसभर जो येईल त्याला 'काकवीऽ' म्हणून काडी देत होत्या आणि हा शेजारी उभा राहून त्यांचा उच्चार सुधारत होता. गाडीत बसल्यावर त्याने विचारलं, चमच्याला मराठीत चमचाच म्हणतात का.

सगळं मराठी परत आलं असं नाही. माझ्या आईशी फोनवर आता स्वतः बोलतो, अडखळतो, अडला की मला विचारतो.

नव्यानेच_आलेली
दादा, आमच्या मुलीच्या डेकेअरमध्येही गेल्याच आठवड्यात असंच काहीसं सांगितलं. आज रात्री हे नवऱ्याला वाचून दाखवते.

कडकडीत_थंडी
रिएल डेच्या सोमवारी सगळे एकत्र भेटूया का? मी दोन गाड्या भरून लोक आणू शकतो.

लालनदीकाठ
भेटूया की. सोमवारी ११ ते ३ माझी शॅकमध्ये पाळी आहे, मुलगाही असेल. बारा वाजता कॅथेड्रलच्या भिंतीपाशी जमा आणि तिथून पार्कला या, शॅक शोधायला धूर बघा. आजींची तब्येत जरा नरम आहे पण येणार म्हणाल्यात. ताई, मुलीला मिटन विसरू नका, आणि टॅफी खाताना एक हात उघडा ठेवावाच लागतो, तेवढी तयारी ठेवा.